घोटभर पाणी

सेलिनच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पहाटे तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली, तेव्हा मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. आठ वर्षांची माझी पोर. खाटेवर पुढे वाकून बसलेली, खांदे वरखाली होताहेत. वसईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शिट्टी सुरू झाली की लगेच अर्धी गोळी पाण्याबरोबर द्यायची, वाट बघत बसायचं नाही. गोळी माझ्या मुठीत होती, पेला समोर होता.

"पानी नाय द्यायचा," माझी सासू सालोमीबय दारातून म्हणाली. "उपास मोडंल."

ही १९५१ सालची गोष्ट. तेव्हा देवळात कम्युनियनचा पवित्र प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, औषधसुद्धा नाही. म्हणून मी आठवड्यापूर्वीच फादरांना विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, "त्रास झाला तर गोळी द्या, कम्युनियन पुढच्या रविवारी घेईल. त्यात पाप नाही." इतकं साधं. पण आमच्या पाचूबंदरला साधं काही पचत नाही. पांढरा झगा शिवून आला होता, तळायच्या गोड फुग्यांचं पीठ भिजलं होतं, अर्नाळ्याचे पाहुणे कालपासून घरात होते. पुढच्या रविवारचं नाव कुणी काढेना.

उपाय मात्र जोरात चालू होते. नणंदेनं छातीला तेल चोळलं. बयनं देवळातलं आशीर्वादित पाणी कपाळाला लावलं. लावलेलं चालतं, प्यायलेलं नाही. मग ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळातून आणून जपून ठेवलेली वाळकी पात पेटवून तिनं पोरीभोवती धूर फिरवला. दम्याच्या पोरीला धूर. सेलिन खोकून खोकून काळवंडली, तर बय म्हणते, "दिष्ट निघते." मी ती पात हिसकावून अंगणात भिरकावली. पाहुण्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. आणि माझा नवरा क्लेमेंट, भर वादळात होडी हाकणारा माणूस, आईसमोर खाली मान घालून बूट पुसत बसला होता.

पण खरी आडवी आली ती सेलिनच. तिनं ओठ घट्ट मिटले.

"मना गोली नको," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "सगल्या पोरी जातील. मी एकटीच बसन. लोक बोलतील, हिनी पाप केलाय."

हे काही खोटं नव्हतं. कम्युनियनच्या वेळी जो बाकावरून उठत नाही, त्याच्याकडे आमचं गाव मान वळवून बघतं.

आता भांडायचं तरी कुणाकुणाशी? मी पेला उचलला आणि अर्धं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"झाला, माजा पन उपास मोडला," मी म्हणाले. "आता आपुन दोगी बसू."

बय मटकन खाली बसली. सेलिन माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं गोळीसाठी तोंड उघडलं.

देवळातल्या मिस्सेच्या प्रार्थनेपर्यंत तिचा श्वास मोकळा झाला. झगा तिनं हट्टानं घातलाच. देवळात घंटी वाजली, पांढऱ्या झग्यांची रांग प्रसाद घ्यायला वेदीपुढच्या कठड्याकडे निघाली आणि आम्ही दोघी बाकावरच राहिलो. माना वळल्याच. सेलिननं माझा पदर मुठीत धरला. मला रडू येत होतं आणि संतापही आवरत नव्हता.

पुढच्या बाकावरून बय उठली. चाळीस वर्षांत तिनं कम्युनियनचा एक रविवार चुकवला नव्हता. दोन पावलं गेली, थांबली, नातीकडे वळून बघितलं आणि मागे येऊन तिच्या शेजारी बसली.

"बय, तू नाय जात?" सेलिननं हळूच विचारलं.

"गुडगं दुखतान," बय म्हणाली.

कालच याच गुडघ्यांवर तिनं पोरीच्या दम्यासाठी रोझरीची अख्खी जपमाळ म्हटली होती.