ओट्यावरची वाळू

कारखाना दोघी बहिणींनी मिळून काढला होता. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, डबे, बाटल्या चुरून वितळवायच्या, त्यात वाळू कालवायची आणि साच्यात दाबून विटा पाडायच्या. भट्टी थोरली बघायची, गिऱ्हाइकं धाकटी. धुरावरून शेजाऱ्यांनी भांडण काढलं, तेव्हा दोघींनी आच कमी केली. धूर थांबला. विटा दिसायला तशाच, उलट जास्त गुळगुळीत.

त्यातल्या काही विटांनी धाकटीने स्वयंपाकघर वाढवलं. बाकीच्या नव्या दवाखान्याला गेल्या.

एके दुपारी थोरली तिच्याकडे जेवायला गेली. धाकटी ओटा पुसत होती.

"रोज पुसते गं ताई, तरी रोज ही वाळू. मुंग्यांनी नुसता उच्छाद मांडलाय."

थोरलीने वाकून पाहिलं. मुंगी एकही नव्हती. तिने भिंतीला कान लावला. आत बारीक सरसर चालली होती.

"गॅस बंद कर. बाहेर हो."

"अगं, भात तरी होऊ दे—"

"भात गेला खड्ड्यात! चल म्हणते ना!"

तिने बहिणीला दंडाला धरून ओढलं. दोघी अंगणात आल्या न आल्या तोच भिंत खाली बसली. आवाजही फारसा नाही, कोणी पोतं ओतावं तेवढाच.

"ताई... दवाखाना."

दोघी अनवाणीच पळत सुटल्या.

दवाखान्याच्या भिंतींना गिलावा होता, वर कोरा निळा रंग. डॉक्टर वैतागले. "केसाएवढी चीर तरी दाखवा मला."

"गिलाव्याखालचं कसं दाखवू? विटा आम्हीच कच्च्या काढल्यात डॉक्टर. आधी माणसं बाहेर काढा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

डॉक्टरांनी भिंतीवर तळहात टेकला आणि झटकन काढून घेतला. "सगळे बाहेर व्हा," ते रांगेकडे वळून म्हणाले. रांगेतली माणसं कुरकुरत उठली. आतल्या खोलीत मात्र एक आजोबा होते, सकाळीच छातीत कळ येऊन आणलेले.

"यांना इथून हलवायचं नाही," नर्स म्हणाली. "अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय."

थोरलीने खाट जमेल तेवढी मधे घेतली आणि स्वतः भिंतीकडे पाठ करून बसली. बाहेरून धाकटी हाका मारत होती.

"कसली गडबड गं पोरी?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही, साफसफाई चाललीय."

त्यांनी डोळे मिटले. ती दारातून रस्त्याकडे बघत राहिली. अजून काहीच येत नव्हतं.