तिन्ही ठिकाणी एकसारखं

तू काय करतेस, असं कुणी विचारलं की संघमित्रा नोकरीचं नाव तोंडातल्या तोंडात उरकायची आणि 'कानोसा'बद्दल मात्र मान ताठ करून बोलायची. नोकरी मालाडच्या एका कंपनीत होती, विम्याच्या वेबसाइटींची डागडुजी करण्याची. 'कानोसा' तिचा स्वतःचा होता. म्हणजे तिचा आणि मुलुंडच्या अपूर्वाचा, अर्धा अर्धा. हौशी रेडिओवाल्यांसाठी दोघींनी लिहिलेला आणि कुणालाही फुकट मिळणारा प्रोग्राम.

जुन्या रेडिओत जे काम कॉइल, कंडेन्सर आणि तारांची भेंडोळी करायची, ते हल्ली कॉम्प्युटर करतो. टेबलावर उरतो तो जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा, त्याला ना चकती ना बटण. स्टेशन लावायचं, आवाज गाळायचा, बोलायला लागायचं, सगळं पडद्यावर. पण लोकांचे कॉम्प्युटर तीन जातींचे. विंडोज, मॅक आणि लिनक्स, आणि तिघांचे रुसवेफुगवे वेगळे. एकाकडे बटण गोल तर दुसऱ्याकडे चौकोनी, एकाकडे अक्षर बसतं तर तिसऱ्याकडे सांडतं. या कटकटीला कंटाळून दोघींनी एके दिवशी तिन्ही सिस्टिमची बटणं उचलून फेकून दिली आणि सगळं स्वतःच रंगवून काढलं. चकती त्यांची, आकडे त्यांचे, स्टेशनं दिसतात तो झिरपत्या रंगांचा पट्टाही त्यांचाच. तेव्हापासून 'कानोसा' कुठंही उघडा, तसूभर फरक नाही. फिनलंडच्या कुणा आजोबांनी लिहून पाठवलं होतं की इतका देखणा रिसीव्हर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ते वाक्य संघमित्राला पाठ होतं, आणि ऐकणाऱ्याची इच्छा असो नसो, ती ते ऐकवायची.

हे सगळं वेड तिला लावलं ते गुणाजीकाकांनी. चारकोपच्या त्याच सोसायटीत, दोन मजले वर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला मालवणी माणूस, नाकावर माशी बसू न देणारा. संघमित्रा लहान असताना काका रेडिओवर बोलायला लागले की हिच्या घरातल्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. एकदा तिचे पपा, कुंडलिक, भांडायच्या तयारीनेच वर गेले, सोबत हिलाही घेऊन. भांडण झालं, चांगलं कडकडून झालं, शेवटी काकांनी खाली येऊन टीव्हीची वायर बदलून दिली. पपा घरी आले, पोरगी वरच राहिली. काकांच्या हाताखाली तिने रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा दिली, आणि पास झाली तेव्हा पेढे पपांच्या आधी काकांनी वाटले.

दर रविवारी सकाळी काका 'नेट' चालवायचे. नेट म्हणजे हवेतली बैठकच. उपनगरांतले आणि बाहेरगावचे हौशी एका ठरलेल्या जागी, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर, रेडिओ लावून जमतात, आणि एकजण प्रत्येकाला नाव घेऊन बोलावतो, दोघे एकदम बोलले तर एकाला थांबवतो, कुणी लांबण लावली तर कापतो. त्या खुर्चीवर काका कित्येक वर्षं बसले होते. त्यांची कापण्याची पद्धत अशी होती की ज्याला गप्प केलं तोच पुढच्या रविवारी सगळ्यात आधी हजर.

आणि एका रविवारी, नेट संपता संपता, काकांनी जाहीर केलं, "महिनाअखेरीपासून नेट घाटकोपरचे भीमराज बघतील. आमचं वय झालं. ओव्हर."

संघमित्रा खाली आपल्या घरात ऐकत होती. ती चहा तसाच टाकून उठली. वय झालं? हा माणूस गच्चीवर अँटेना बांधायला वॉचमनला वर चढू देत नव्हता! भीमराज भला होता, आवाजही खणखणीत, प्रश्न त्याचा नव्हताच. काका ती खुर्ची सोडून रविवार सकाळचं काय करणार, हा होता.

दार रुक्मिणीकाकूंनी उघडलं. संघमित्रा सरळ काकांच्या खोलीत शिरली, तशी काकांनी विचारलं, "कोण असा?"

संघमित्रा त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर उभी होती.

मग काकूंनीच पदराला हात पुसत सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं, म्हणून तर संघमित्राकडून हा काळा डबा आणि मोठा पडदा बसवून घेतला. मग मधलंही गेलं. गेले कित्येक महिने काकू शेजारी बसून पडद्यावरचे आकडे हळू आवाजात वाचून दाखवत होत्या, आणि नेटवर लोकांना वाटत होतं की काकांच्या घरी टीव्ही चालू असतो. मागच्या रविवारी काकू दुधवाल्याला दार उघडायला गेल्या, काकांचा हात माउसवर सरकला आणि ते भलत्याच जागी बोलत राहिले. भीमराजने शोधून काढून हळूच सांगितलं. कुणी हसलं नाही, तेच काकांना लागलं.

"कुणाक सांगू नको," काका म्हणाले. "माका दया नको हां कोणाची. पैशाक पासरी मिळता ती."

"काका, पण बोलणारा प्रोग्राम आहे ना तुमच्याकडे? पडदा वाचून दाखवणारा?"

"असा ना. पेपर वाचता, पोराची, सुशांतची, मेल वाचता, बँकेचे मेसेज वाचता. झकास वाचता." त्यांनी कीबोर्ड चाचपला आणि 'कानोसा' उघडला. कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली, "कानोसा. विंडो." आणि गप्प झाली. काकांनी एक कळ दाबली, दुसरी दाबली. बाईने मूग गिळले होते.

"तीन ठिकाणी चलता म्हणतंस," काका म्हणाले. "माझ्याकडे खंय चलता? नाव कानोसा, आणि सगळा काम डोळ्यांचा!"

संघमित्राच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. कारण तिला लगेच कळलं, चूक कुठं आहे ते. कॉम्प्युटरमधली बाई पडदा बघत नाही, ती सिस्टिमला विचारते की इथं बटण कुठलं, त्याचं नाव काय. आणि 'कानोसा'त बटण नव्हतंच एकही. नुसती बटणांची चित्रं होती. फिनलंडच्या आजोबांना भुरळ घालणारा तो सगळा देखणेपणा त्या बाईच्या लेखी एक कोरी भिंत होता. तिन्ही ठिकाणी, अगदी एकसारखी कोरी.

"महिनाअखेरीला नेट तुम्हीच घ्याल," ती म्हणाली.

"मी शब्द दिलंय भीमराजाक."

"द्या हो शब्द. मी पण देते."

शब्द देऊन झाला, आता अपूर्वाला पटवायचं होतं. ती शनिवारी दुपारी चारकोपला आली आणि ऐकून उखडलीच. त्या पडद्याची रेघ न् रेघ तिने काढलेली.

"म्हणजे परत सिस्टिमची बटणं लावायची? मॅकवर एक थोबाड, विंडोजवर दुसरं? मग आपलं काय राहिलं यार त्यात?"

"आवाज राहिला ना."

"एका माणसासाठी, संघू?"

संघमित्राने मॉनिटरचं बटण बंद केलं, माउस काढून घेतला आणि कीबोर्ड अपूर्वाकडे सरकवला. "बोलणारी बाई चालू आहे. नेटच्या जागी जाऊन दाखव."

"कानोसा. विंडो," बाई म्हणाली. अपूर्वाने कळा दाबून पाहिल्या. मग जोरात दाबून पाहिल्या. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या दाराशी ती चाचपडत बसली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वाट लागली गं," ती शेवटी म्हणाली. "मॉनिटर लाव. कुठून सुरुवात करायची सांग."

पुढचे दिवस दोघींची ऑफिसं नावापुरती चालली. रंगवलेली चित्रं उतरवून खरी बटणं बसवायची, प्रत्येकाला नाव द्यायचं, आणि तिन्ही सिस्टिमना जिच्या तिच्या भाषेत ते समजावायचं. आणि तिघी बाया तीन तऱ्हेच्या निघाल्या. लिनक्सची बाई बटणाचं नाव दोनदा घ्यायची. मॅकची बाई फ्रिक्वेन्सीचे आकडे टेलिफोन नंबर सांगावा तसे सुटे सुटे म्हणायची. विंडोजची बाई तोच आकडा एकाहत्तर लाख अमुक हजार असा पूर्ण म्हणायची, तो संपेपर्यंत स्टेशन निघून जायचं. एकीला सुधारलं की दुसरी बिघडायची. अपूर्वाने एकदा तर हात टेकले, म्हणाली की यापेक्षा नवी सासू परवडली.

सगळ्यात गाडं अडलं ते रंगीत पट्ट्यावर. स्टेशनं कुठं आहेत हे डोळस माणसाला त्यात एका नजरेत दिसतं. कानाला ते कसं दाखवायचं? दोघींनी डोकं लढवलं आणि एक शिट्टी तयार केली. सरकत जा, स्टेशन जवळ आलं की शिट्टी चढेल, लांब गेलं की उतरेल. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होऊन त्या काकांकडे गेल्या.

काकांनी हेडफोन लावला आणि लगेच काढून टेबलावर आपटला. "ह्यो आवाज बंद कर पयलो! ऐकूक बसलंय मी हय. कानात आधीच खरखर, त्यात तू शिट्टी फुकतंस? तुझ्या डोळ्यांसमोर कोण टॉर्च मारल्यान तर चलात तुका?"

ऐकणाऱ्या माणसाच्या कानातच दोघींनी गर्दी केली होती. डोळस माणूसच करील असली चूक! शिट्टी तिथल्या तिथे काढून टाकली. त्या जागी एक साधी कळ ठेवली. ती दाबली की प्रोग्राम पुढच्या स्टेशनवर उडी मारतो, आकडा एकदाच सांगतो आणि गप्प बसतो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काकांनी ती कळ दाबली. पुन्हा दाबली. मग पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबतच गेले. कुणी गुजरातीत बोलत होतं, कुणी मोर्सची टकटक करत होतं. काकू मागे उभ्या होत्या. आकडे वाचायला त्यांना कुणी हाक मारली नाही, तशा त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"बरा असा," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे मेडलच.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. संघमित्रा काकांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, हात घट्ट बांधून, की चुकून मदत होऊ नये. जीव टांगणीला लागला होता. पण काकांनी नेट उघडलं ते नेहमीच्याच थाटात. बोरिवलीला बोलावलं, पनवेलला थांबवलं, लांबण लावणाऱ्या ठाण्याला मधेच कापलं. एक क्षीण आवाज खरखरीत बुडत होता. काकांनी कळ दाबली, आवाज गाळून घेतला, तो रत्नागिरीचा निघाला, आणि काकांनी त्याला नावानिशी पुढे बोलावलं. एकदाही बोट चुकलं नाही.

शेवटी भीमराज आला. "काका, आज तर तुम्ही फुल फॉर्मात! मग मला कशाला बसवताय तुमच्या जागी? आणि रिग कुठला आहे आज? सेटिंग एकदम भारी आहे. ओव्हर."

नेटवर रिग विचारण्याची रीतच आहे. यंत्र कुठलं, अँटेना कुठली, हे प्रत्येकाने सांगायचं. विकत घेतलेलं असेल तर कंपनीचं नाव, स्वतःच्या घरी बनवलेलं असेल तर 'होमब्रू' म्हणायचं, आणि तो शब्द म्हणताना भले भले आवाज चढवतात.

काकांनी माइक हातात घेतला. पण बोलेनात. संघमित्राला वाटलं, कळ सापडत नाहीये. ती अर्धं पाऊल पुढे आली आणि थांबली. कळ त्यांच्या बोटाखालीच होती.

"भीमराज," काका म्हणाले, "रिग होमब्रू. बाहेरचा डबा विकतचा, आतला सगळा होमब्रू. पडदा बघूचा लागणा नाय ह्याका. सगळा बोलान सांगता. आज मी सगळा नेट पडदो बंद ठेवन चालवलंय."

"पडदा बंद? का हो काका? ओव्हर."

काकूंनी दारातून काकांकडे पाहिलं. दोन वर्षं जे झाकलं, ज्याच्यासाठी बायकोला कुजबुजायला लावलं, आणि जे झाकता येईना म्हणून खुर्ची सोडायला निघाले, ते आता सगळ्या उपनगरांसमोर सांगितल्याशिवाय या यंत्राची बढाई मारता येणार नव्हती.

"माका दिसणा नाय, भीमराज. दोन वर्सां झाली. ओव्हर."

मग भीमराजचा आवाज आला, एकदम पडलेला. "काका, काय सांगता? डोळ्यांना काय झालं? आम्हाला कुणाला कळवलंसुद्धा..."

"ता रवांदे!" काकांनी त्याला, रीतसर, मधेच कापलं. "डोळ्यांचा काय इचारतंस? डोळे सगळ्यांचे जातत. यंत्राचा इचार! कोणी केल्यान ता इचार!"

"कुणी केलं, काका?"

"आमच्या चेडवान, आमच्या पोरीन," गुणाजीकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "संघमित्रान. आमच्या घरात बसान केल्यान."

संघमित्राने तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. एवढा अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता. काकांनी तोवर पुढची कळ दाबली होती आणि घाटकोपरला सांगत होते की तुझी बदली रद्द, पुढच्या रविवारी वेळेवर ये.