गीझरला मारलेला पॅच

"गप्प का झाला तो?" बाबांनी चहाचा कप तोंडापाशीच थांबवला.

"कोण?"

"गीझर."

मी कान दिला. बाथरूमचं दार बंद होतं, आत बायको न्हात होती. आमचा गीझर तापताना रोज तडतडतो. तापल्या कढईत पाण्याचे थेंब पडावेत तसा. या शहरात सगळ्यांचेच तडतडतात, कारण पाणीच जड. नळातून येतं ते पाणी कमी आणि चुना जास्त, असं बाबा म्हणायचे. किटलीच्या तळाला थर, बादलीला पांढरी किनार, पेले कितीही घासले तरी मोतीबिंदू झाल्यासारखे धुरकट. केस विंचरताना बायकोच्या फणीत हे एवढं गुंतवळ यायचं. ती म्हणायची, "बाळ होईपर्यंत मीही टकली होईन. मग दोघं सारखीच दिसू."

तर ती तडतड थांबली होती. तिच्या जागी एक बारीक घुमणं. भिंतच गुणगुणतेय असं वाटावं.

"कधी लावलाय?"

"ती उठली तेव्हा. आपोआप बंद होतो की तो."

बटण बाथरूमच्या बाहेर आहे. त्याचा लाल दिवा अजून पेटलेला होता. बाबांनी बटण बंद केलं. घुमणं थांबलं नाही.

बाबांचा चेहरा तसा मी कधीच पाहिला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही.

बाबा पंक्चरवाले. पुलाखाली टपरी, पाण्याचं एक घमेलं, हवेचा एक पंप. आयुष्यभर एकच काम, गळतंय ते बंद करायचं. घरातही तेच. बादली, टाकी, पत्रा, सगळीकडे बाबांचे पॅच. आई असताना म्हणायची, "एक दिवस हे माझ्या तोंडालाही पॅच मारतील."

गीझरच्या खालच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह आहे, तो टपटपायचा. जिथे टपटपायचा तिथे फरशीवर पांढरा ढीग साठायचा, दगडासारखा. सातव्या महिन्यातली बायको वाकून वाकून तो खरवडायची. शेवटी म्हणाली, "बाबा, तेवढी टपटप बंद करा ना." बाबांना कुणी असं काम सांगितलं की त्यांची कळी खुलते. ट्रकच्या ट्यूबचा जाड तुकडा कापला, सोल्यूशन लावलं, वरून पट्टा आवळला. म्हणाले, "आता बापजन्मात गळणार नाही."

सुनेने टाळ्या वाजवल्या. मी पण.

"वाफेला वाट नाही," बाबा आता हळूच म्हणाले. "मीच बुजवली वाट."

मग ते दारावर थाप मारायला लागले. "पोरी! बाहेर ये. आत्ता."

"काय झालं बाबा? डोक्यात साबण आहे!"

"राहू दे साबण."

"अहो, या पाण्यात आधीच निघत नाही तो. दोन तांबे घेते फक्त..."

"नळाला हात लावायचा नाही!" बाबा ओरडले. ते कधी ओरडत नाहीत. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी नाही. मग तिचा आवाज आला, पण लहान मुलीसारखा.

"बाबा, गीझर हलतोय."

मी तिला हाक मारली, काय मारली ते आठवत नाही. आतून कडीचा खटखट आवाज यायला लागला.

"सरकत नाहीये," ती म्हणाली. "कडी अडकलीय."

ती कडी रोजच अडकायची. तिच्यावरही तोच पांढरा थर. रोज आम्ही वर-खाली हिसके देऊन, दोन शिव्या घालून ती काढायचो. साबणाच्या हातांनी निघायची नाही.

"टॉवेलने धर! टॉवेलने धरून हिसका दे!" मी बोंबलत होतो आणि खांद्याने दार ढकलत होतो.

बाबांनी मला दंडाला धरून बाजूला खेचलं. "समोर उभा राहू नको."

हा त्यांचा धंद्यातला नियम. हवा भरताना टायरच्या समोर थांबायचं नाही, बाजूला व्हायचं. त्यांच्या शेजारच्या टपरीवाल्याच्या तोंडासमोर एकदा ट्रकचं चाक फुटलं होतं. बाबांनी ते बघितलं होतं. काय बघितलं ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही, पण तो नियम मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे.

मला बाजूला करून ते स्वतः दाराच्या बरोब्बर समोर उभे राहिले.

टायर काढायची लोखंडी पट्टी घरात एक जुनी पडलेली असते. ती त्यांनी फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. लाकूड करकरलं. आत ती रडायला लागली होती. घुमण्याचा आवाज तसाच होता, आणि त्यात आता मधेच एक धातू ताणल्यासारखी टिंग... टिंग...

"चादर आण!" बाबा म्हणाले.

मला कळेना आत्ता चादर कशाला. पण आणली. कडीचे स्क्रू उपटून दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला, आणि बाबांनी डोळे घट्ट मिटले. दोन्ही हातांनी चादर पसरून, मान फिरवून, डोळे मिटून माझा बाप त्या गीझरखाली गेला. सुनेला चादरीत गुंडाळून त्यांनी बाहेर ढकललं. मी तिला धरलं. ती ओली, थरथरती, आणि पोट दोन्ही हातांनी झाकलेलं.

"बाबा, तुम्ही पण या!"

ते बाहेर पाऊल टाकत होते तेवढ्यात आत फट्ट झालं.

गीझर नव्हता फुटला. त्याचा नळाकडे जाणारा पाइप निसटला. उकळतं पाणी आणि वाफ, भिंतीवर, आरशावर, आणि ती बसली होती त्या पाटावर. पाट आमच्या डोळ्यांसमोर वाफाळत होता. बाबांच्या पोटरीवर शिंतोडे उडाले.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले. चांगले, घाईघाईचे. बायको ऐकून हसली, मग रडली. बाबा बाहेर बाकावर बसून होते, त्यांना ऐकवायला आत बोलावलं तर आले नाहीत.

संध्याकाळी गीझरवाला आला. टाकी खोलून त्याने आतला चुना बादलीत ओतला. अंड्याच्या टरफलांसारखे पापुद्रे, आणि खाली खडी. "बघा. हा आपोआप बंद होणार तरी कसा? त्याच्या सगळ्या अंगावर हे बसलंय." मग व्हॉल्व्हवरचा पॅच बघून तो थांबला. ओढून बघितला. सुरी मागितली.

"कुणी मारलाय हो हा? एवढं सगळं झालं, पण हा जागचा हलला नाही. एक नंबर काम."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो कौतुकच करत होता.

बाबा उठून गॅलरीत गेले. बायको मागोमाग गेली. "बाबा, मीच सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तू टपटप बंद करायला सांगितलंस," ते म्हणाले. "हात माझे होते."

"आणि दार कुणी उघडलं? ते हात कुणाचे होते?"

बाबा पोटरीवरची पट्टी नीट करत राहिले.

चार-पाच दिवसांनी त्यांनी टपरी उघडली. मी कामावर जाताना मुद्दाम तिकडून गेलो. एक माणूस सायकल घेऊन उभा होता. बाबांनी ट्यूब काढली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे शोधले, घासलं, पॅच मारला. सगळं नेहमीसारखं. मग पंप लावला. तीन-चार दट्टे मारले आणि थांबले.

"भरा की अजून काका. मऊ आहे."

"पुरे एवढी."

"अहो, माझं वजन बघा जरा! रिमवर चालवू का?"

"पुरे," बाबा म्हणाले आणि पंपाची नळी काढून गुंडाळायला लागले.

माणूस सायकल ढकलत थोडा पुढे गेला. थांबला, वाकला, अंगठ्याने टायर दाबून पाहिलं. मग मागे वळून बाबांकडे बघितलं. बाबा फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत होते.