जादा शेपटी

घाबरू नका, झाकण घट्ट आहे. मी इंगळी बोलतेय, विंचवांतली थोरली जात. रंगानं काळी, तुमच्या मधल्या बोटाहून लांब. मुक्काम सास्तूर, योगीराज गुरुजींच्या घरात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

बांधावरच्या दगडाखाली जन्मले. सुरुवातीला आम्ही तीस-चाळीस भावंडं आईच्या पाठीवर. सगळ्यांना एक शेपटी, मला दोन. आईनं कौतुक केलं नाही की कपाळावर हात मारला नाही. आमच्यात तशी पद्धतच नाही.

पुढं एकदा दगड उलटला आणि गुरुजींनी मला चिमट्यानं उचललं. ते शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाले तरी चिमटा खिशात असतोच. गाव त्यांना गुरुजी म्हणतं आणि तेही ऐकून घेतात.

त्यांच्या बायकोनं, सिताबाईंनी, पहिल्या दिवशी चप्पल उगारली होती. महिन्याभरात त्याच बरणी पुसायला लागल्या. झुरळ टाकताना म्हणायच्या, "खा गं बाई, वाळलीस लई."

शेपट्यांचं सांगते, पुढं लागेल. उजवी जाडजूड, सरळ. डावी बारीक, मधूनच वाकडी. बघणारे उजवीलाच भ्यायचे. पण उजवी पोकळ होती, तिच्या नांगीत विषाचा थेंब नाही. विष डावीत. खाल्लेलं बाहेर टाकायची वाटही डावीच्याच टोकाला. विंचवांची ती वाट शेपटीच्या टोकाशीच असते. माणसांना सहसा माहीत नसतं.

एक दिवस शेजारचे ज्ञानोबा बरणीशी वाकले. मला कान नाहीत, पण पायांवरच्या केसांना बोलणं कळतं.

"गुरुजी, ही घरात नको. भूकंपाच्या आदल्या साली आमच्या बांधावर असलीच दोन शेपटाची निगाली व्हती. मारा हिला, न्हायतर आमी मारतो."

दोन दिवसांत अंगणात दहा-बारा माणसं जमली. भूकंपाच्या त्या पहाटे ज्यांची घरंच्या घरं गेली, त्यांना काय समजावणार? गुरुजींनी खूप सांगून पाहिलं. शेवटी विचारलं, "एक शेपटी काढली तर?"

ज्ञानोबा म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या."

गुरुजींनी नवं ब्लेड घेतलं, हळदीची वाटी घेतली.

सिताबाई म्हणाल्या, "अवो, दोनीत खरी कुठली, बघितलंय का?"

"दिसतंय की! वाकडी ती जादा."

डावी चिमट्यात होती. मी उजवी मारली, त्यांच्या अंगठ्यात रुतली. गुरुजींचे डोळे भरून आले. "बघ, किती मायाळू. विष सोडलं नाही!"

मग त्यांनी डावी कापली आणि जखमेवर हळद दाबली. तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकला. चिठ्ठीवर काय लिहिलं ते सिताबाईंनी मोठ्यानं वाचलं: 'जादा शेपटी'.

ज्ञानोबा येऊन बघून गेले. म्हणाले, "आता कशी झ्याक दिसती."

गुरुजींनी माझी बडदास्त ठेवली. रोज झुरळ, कधी नाकतोडा. मी खात राहिले. समोर आलेलं सोडायचं आम्हाला शिकवलेलं नाही. आत जात होतं, बाहेर काही येत नव्हतं.

काल बरणी पुसताना सिताबाई थांबल्या. "अवो, हिच्या मातीत आता पांढरे ठिपके दिसंनात. ही घाणच करंना झाली."

गुरुजी हसले. मग हसायचे थांबले. बाटली काढून भिंगाखाली धरली, बराच वेळ बघत बसले. आणलेलं झुरळ त्यांनी बाहेर सोडून दिलं.

"चुकलं गं," एवढंच म्हणाले. सिताबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

पोट ताठलंय. अजून काही आठवडे निघतील. राग आहे का? आहे थोडा. पण हा माणूस मला वाचवायलाच बसला होता, हेही खरं.

गुरुजी, दगडाखाली वगैरे सोडू नका, आता उपयोग नाही. मी गेले की मला त्याच बाटलीत ठेवा, माझ्या शेपटीजवळ. चिठ्ठी तेवढी बदला.