बाहुलीचा खांदा

हस्तकलेच्या मेळ्यात टेबल मांडून होतंय न होतंय, तोच शेजारचा साबणवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या बाहुल्या तिकडे कोपऱ्यातही दिसल्या. शाखा काढलीत की काय?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापडी बाहुल्या हा तिचा हातखंडा. लोकरीच्या वेण्या, घेरदार झगा, गालावर गुलाबी टाका. हे सगळं तिनं एकीलाच शिकवलं होतं, चिमणीला. ती काम सोडून गेली ती गेलीच. ना निरोप, ना पत्ता.

साबणवाल्याला टेबलाकडे बघायला सांगून मावशी तरातरा निघाली. कोपऱ्यात, संडासाच्या दाराला लागून, चिमणी बसली होती. तिची चिमुरडी पोर एका बाहुलीला हात धरून फरफटत नेत होती.

"शिकवलं मी, आणि दुकान थाटलंस तू?"

चिमणी गडबडून उभी राहिली. "चुकलं मावशी. पण मला दुसरं येतंच काय?"

"मग येऊन सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, गिऱ्हाइकांसमोर. हिच्या हातात सुईपेक्षा झाडू द्या म्हणून. मग धीरच झाला नाही यायचा."

मावशी म्हणाली होती खरी. त्या दिवशी कापड वाया गेलं होतं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. तिनं खोट काढायला एक बाहुली उचलली. हात ओढला. निघेना. दात-ओठ खाऊन ओढला, तरी शिवण तसूभर हलली नाही. झगा वर करून बघते तर या हातापासून त्या हातापर्यंत, खांद्यातून आरपार, एकच पट्टी घातलेली.

"हे काही मी शिकवलं नाही."

"हिनं शिकवलं." चिमणीनं पोरीकडे बोट दाखवलं. "रोज एक हात उपटायची."

मावशीला हसूच फुटलं. "माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्याही हात तुटूनच." मग तिनं पदर खोचला. "इथे वासात कोण फिरकणार आहे? धर टेबल तिकडून."

साबणवाल्यानं कुरकुरत आपल्या पेट्या सरकवल्या. दुपारी एका बाईनं दोघींच्या बाहुल्या हातात घेऊन विचारलं, "दिसायला तर सारख्याच. कुठली घेऊ?"

चिमणी मान खाली घालून वेणी घालत राहिली.

"घरात लहान मूल आहे?" मावशीनं विचारलं. "मग ही घ्या, हिची. माझी कपाटात बसायला बरी."