आवक चाळीस, जावक शून्य

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. जवळ येऊन वास घेऊ नका. तो वास माझा नाही, फिनेलच्या बाटलीचा आहे. पण आम्ही बरीच वर्षं एकाच कपाटात राहतो, आणि आता लोकांना फरक कळत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा, तीनशे पानं. प्रत्येक पानावर रकाने छापलेले : आवक, पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता, विषय, जावक, शेरा. म्हणजे मी टपालासाठी जन्मले होते. एखाद्या कचेरीत जावं, आलेली पत्रं लिहून घ्यावीत, गेलेली लिहून ठेवावीत आणि दुपारी पंख्याखाली जरा फडफडावं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण मला विकत घेतलेल्या संस्थेच्या भांडारवाल्याने चुकून तिच्या मोफत दवाखान्यात धाडलं. तिथल्या शिपाईमामांनी मला परत करण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की परत करण्याआधी वस्तू आल्याची नोंद करावी. मामांकडे नोंद करायला दुसरी वही नव्हती. त्यांनी ती माझ्यातच केली. माझ्यातली पहिली नोंद मी स्वतःच आहे. त्यानंतर मला परत करता येईना, कारण मी वापरलेली झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात माणसं लिहिली जाऊ लागली. विषय : खोकला. विषय : चक्कर. एका आजोबांच्या नावापुढे मामांनी लिहिलं होतं, 'विषय : सून'. डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि शेऱ्यात रक्तदाब लिहिला.

राहिला जावकचा रकाना. मामा सरळ माणूस. रकाना छापलाय म्हणजे तो भरायला हवा, असं त्यांचं मत होतं. म्हणून जो माणूस आला आणि न तपासताच परत गेला, त्याला ते जावकमध्ये लिहीत. मित्रांनो, हे तुम्हाला साधं वाटेल. पण दवाखान्यांच्या वह्यांमध्ये तपासलेल्या माणसांचीच नावं असतात. परत गेलेल्यांची नावं कोण कशाला लिहील? माझ्यात मात्र एका भांडारवाल्याच्या घोटाळ्यामुळे ती राहिली.

दवाखान्यात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि चाळीस टोकनं होती. टोकनाशिवाय केसपेपर नाही, आणि केसपेपरशिवाय कापसाचा बोळासुद्धा नाही. सतरा नंबरचं टोकन कोणीतरी घरी नेलं होतं. तरी मामा रोज सोळानंतर 'सतरा' अशी हाक मारत, अर्धा मिनिट दाराकडे बघत आणि मग अठराला बोलावत. आठला दार उघडायचं. साडेनऊला टोकनं संपायची.

एकदा सिस्टर हरवलेल्या थर्मामीटरची नोंद शोधत माझी पानं उलटत होत्या. अचानक त्या थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, आणि जेवणाचा डबा न उघडताच माझ्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारायला लागल्या. तीन महिन्यांत जावक दोनशे सहा. त्यातले एकशे एकाहत्तर पुलापलीकडच्या वस्तीतले.

"मामा, ही सगळी माणसं पुलापलीकडचीच कशी हो?"

"तिकडची हवा बरी नाही."

"आजारी का पडतात ते नाही विचारलं. परत का जातात?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "तिकडची पहिली बस दहा वाजून दहा मिनिटांनी येते. आपली टोकनं साडेनऊला संपतात. त्यांना उद्या लवकर या म्हणतो. ते उद्या त्याच बसने येतात."

"आणि तुम्ही रोज हे लिहून घेता?"

"रकाना आहे ना."

त्या दोनशे सहा नावांत एक नाव सात वेळा होतं. विषय : पाय. त्या इस्त्रीवाल्या मावशी होत्या. दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. आठव्यांदा आल्या तेव्हा सिस्टरनी एक टोकन मागे ठेवून त्यांना दारातच गाठलं.

"मावशी, सात वेळा येऊन गेलात. फार दुखतंय का?"

"दुखत नाही गं बाई, म्हणून तर येते. दुखलं असतं तर समजलं असतं की पाय जागेवर आहे. लेकीने फरशीवर डाग पाहिले, तेव्हा कळलं आत भोक पडलंय."

अंगठ्याखाली खरंच भोक होतं, बोराएवढं. साखर इतकी वाढलेली, की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "दिवसाआड ड्रेसिंग," ते म्हणाले. "एकही चुकवायचं नाही. हे हाडापर्यंत गेलं तर पाय काढावा लागेल."

दिवसाआड ड्रेसिंग म्हणजे दिवसाआड टोकन. सिस्टरनी त्या दिवसापासून शेवटची दहा टोकनं एप्रनच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. बस आल्याशिवाय ती बाहेर काढायची नाहीत. बस्स, एवढाच उपाय. ना नवी खोली, ना नवा डॉक्टर.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते दोन महिने सर्वांत चांगले होते. जावकचा रकाना ओस पडला. मामा रिकाम्या रकान्यात बारीक फुली मारत, कारण तो कोरा ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं. मावशींची जखम बोराची वाटाण्याएवढी झाली, मग मसुरीएवढी. "अजून महिनाभर," डॉक्टर म्हणाले.

आणि मग साहेब आले.

ते संस्थेच्या मुख्य कचेरीत आकडे बघायचे. मामा त्यांना आलेखसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. शिपायालाही अहो-जाहो करायचा. त्यांनी माझी पानं उलटली आणि भारावून गेले. "सिस्टर, आकडे पाहून सुधारणा करणं म्हणतात ते हेच." त्यांनी माझा फोटो काढला. आयुष्यात माझा तेवढाच एक फोटो निघाला, आणि त्यात अर्ध्यावर मामांचा अंगठा आहे.

मग त्यांचं लक्ष एप्रनच्या खिशाकडे गेलं.

"ही टोकनं बाजूला का?"

"बसने येणाऱ्यांसाठी, साहेब."

"पुलाअलीकडच्या लोकांची तक्रार आहे. ते सातपासून रांगेत असतात. सिस्टर, आपलं धोरण समानतेचं आहे. कोणालाच वेगळी वागणूक नको."

"पण बस सगळ्यांना सारखं वागवत नाही ना."

"बस आपल्या अखत्यारीत येत नाही." मग त्यांनी संगणक उघडला. आता माझी गरज नव्हती. त्यात नाव, वय, आजार आणि टोकन क्रमांक असे चार चौकोन होते.

"न तपासता गेलेले कुठे भरायचे?" सिस्टरनी विचारलं.

"टोकन क्रमांक टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"टोकन मिळालं नाही म्हणून तर ते गेले."

साहेबांनी प्रामाणिकपणे बराच विचार केला. "मग ते रुग्ण नव्हेत, सिस्टर. ते येणारे-जाणारे झाले."

पुढच्या महिन्यात संगणकाने रोजचा आकडा दिला : आवक चाळीस, जावक शून्य. सतराव्या टोकनाचा माणूससुद्धा रोज तपासला जात होता. वर्षाअखेरीस दवाखान्याला 'एकही रुग्ण परत न पाठवणारे केंद्र' असं काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. मी कपाटात गेले.

सिस्टर गप्प बसल्या नाहीत. त्यांनी दोन टोकनं बुटात लपवली. त्यांना ताकीद मिळाली. फाटकाबाहेर मावशींना पायरीवर बसवून तीनदा ड्रेसिंग केलं. संगणकाने विचारलं, या पट्ट्या कोणत्या टोकनावर खर्ची पडल्या? तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. मावशी त्यानंतरही येत राहिल्या. मग यायच्या थांबल्या.

काही महिन्यांनी कपाट उघडलं. सिस्टरनी मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. समोर मावशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांची लेक खुर्ची धरून उभी होती. डावा पाय गुडघ्यापर्यंतच होता. लाकडी पाय मिळण्यासाठी त्यांना दवाखान्याचं एक पत्र हवं होतं, की या बाई इथे उपचाराला येत होत्या.

संगणकावरची मुलगी म्हणाली, "यांचं नाव नाही. या इथे आलेल्याच नाहीत."

"आई किती वेळा आली ते या सिस्टरना विचारा," लेक म्हणाली.

"ताई, मी मानते हो. पण हे मानत नाही." तिने संगणकाकडे बोट दाखवलं. "टोकन क्रमांक सांगा, लगेच पत्र निघेल."

सिस्टरनी माझी पानं उलटत तारखा वाचल्या. आल्याच्या आणि गेल्याच्या. मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्याकडे ते लिहायला चौकोन नव्हता.

"मावशी," सिस्टर म्हणाल्या, "वही बंद झाल्यावर तुम्ही आणखी किती वेळा आलात? मी लिहून ठेवते."

"आले असेन नऊ-दहा वेळा."

"तारखा आठवतात?"

मावशींनी आठवून पाहिलं. "सगळे दिवस सारखेच होते गं. बस, फाटक, बस."

सिस्टरनी पेन्सिल खाली ठेवली. लेकीने खुर्ची वळवली. दारात पायरी होती, खुर्ची उतरवायला मामा धावले. पत्र मिळालं नाही. पायही मिळाला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या हजेरीपटात गैरहजर मुलाचंही नाव असतं. बाई ते रोज घेतात, म्हणून तर तो आला नाही हे कळतं. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी मोजदाद करायला बसलं, तर आत बसलेल्यांना मोजून झाल्यावर एकदा उठा आणि फाटकापर्यंत जाऊन या. तुम्ही जाल अशी मला फारशी आशा नाही. आलेखसाहेबही चांगलेच होते. पण गेलात, तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला तारीख विचारून घ्या. त्याला ती नंतर आठवणार नाही.