जावयानं दुरुस्त केलेला बंब

मस्तगडच्या सर्जेरावांच्या घरातला तांब्याचा बंब तोटीपाशी गळायचा. थेंब थेंब पाणी जायचं, त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. पण पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाची नजर त्यावर पडली आणि बंबाचे ग्रह फिरले.

जावई मच्छिंद्र कुंभार पिंपळगावचा. विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्यात खरोखर हुशार होता. पण एक जमलं की माणसाला वाटतं, आपल्याला सगळंच जमतं.

"तांबटाकडं कशाला टाकता, मामी? मी इंजिन खोलतो, ह्यो तर नुसता डबा हाये," तो सासूला, गिरिजाबाईंना म्हणाला. जावयाला नको कसं म्हणायचं? सर्जेराव तर गल्लीभर सांगून आले, "आमचे जावई बंब दुरुस्त करून राह्यले."

मच्छिंद्रनं तोटी काढली, आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा फासला आणि तोटी घट्ट बसवली. इथवर सगळं ठीक होतं. मग सफेदा लवकर वाळावा म्हणून त्यानं बंबात निखारे टाकले. बंब रिकामा पेटवला की आतल्या नळीचा डाक, म्हणजे कथलाचा सांधा, वितळतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"पाणी टाकलं न्हाई का?" सर्जेरावांनी चाचरत विचारलं.

"मामा, तुम्ही निवांत बसा."

मामा बसले. जावयाचा मान राखायचा म्हणून माणसं घरातलं तांबंसुद्धा जाळू देतात.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. उटणं लावून जावई मानानं पहिला न्हाणीत शिरला. तोटी उघडली तर कढत पाणी आलं. बंद केली तर एक थेंब गळेना. "बघितलं का?" त्यानं दाराआडून बायकोला, नंदाला विचारलं. तो मनसोक्त न्हाला.

बंबातून काढलं तेवढं थंड पाणी वरून ओतायचं, ही घरोघरची रीत. त्यानं बादली ओतली आणि खाली पाणी झिरपल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर राखेचा चिखल झालेला. आत विस्तव नव्हताच. नळीला हात लावला, ती गार होती.

त्यानं मागचं दार ढकललं. परसात चुलीवर हंडा होता आणि गिरिजाबाई ओली लाकडं फुंकत होत्या. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते. तो न्हाणीत शिरण्याआधी त्यांनी पहिला हंडा बंबात आणून ओतला होता. दुसरा अजून कोमटही झाला नव्हता. मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तिथंच उभा होता, तोवर सर्जेराव न्हाणीत जाऊन गार पाण्यानंच आंघोळ करून बाहेर आले. दम्याचं माणूस, पंचा गुंडाळून लटलट कापत होतं.

"पाणी लई झकास तापलं होतं, जावईबापू," ते म्हणाले. दातावर दात वाजत असल्यानं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला.

मच्छिंद्र चुलीपाशी बसला आणि सासूच्या हातातली फुंकणी मागू लागला.

"उठा, लोक काय म्हणतील," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मामी, बंब मी जाळला."

"माहीत हाये," त्या हळूच म्हणाल्या. "पर तोटी आता बिलकुल गळत न्हाई."

त्याला मान वर करवेना.